पुढची तपासणी

मकरपुरा जीआयडीसीत, प्लॉट चारशे अकराच्या मागल्या खोलीत
सतरा वर्षं मी प्रेशरचे काटे तपासते.
बॉयलरचे, पंपांचे, डेअरीचे, कुणाकुणाचे.
दाब देते, थांबते, वाचते, लिहिते.
शंभरावर एखादा अठ्ठ्याण्णव दाखवतो
तेव्हा तो अगदी ठाम उभा असतो.
कुठल्याच काट्याला स्वतःचं घसरणं दिसत नाही,
शेजारी दुसरा लावावा लागतो.

हे मला माहीत होतं. धंदाच तो.
तरी माझ्या पगाराशेजारी काही लावून बघायचं
सुचलं नाही कधी.

सुचवलं धैवतने. पढियारांचा पोरगा,
चार वर्षांत तीन कंपन्या, दर वेळी हातात नवा कागद.
"बेन, जवानुं नथी. फक्त कागळ लाववानो."

हालोलला गेले, आईच्या डोळ्यांचं कारण सांगून.
(मोतीबिंदू खरा. तारीख खोटी.)
तिथे एसीत बसलेल्या मुलाने विचारलं,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
म्हटलं, सध्या तरी साडेपाचच्या बसमध्ये.
तो हसला. आठवड्याने कागद आला.
त्यावरचा आकडा मी आमच्या पद्धतीने वाचला:
एकदा चढता, एकदा उतरता, पुन्हा चढता.
तेवढाच होता.

आता इंद्रवदनभाई.
पुराच्या वर्षी विश्वामित्री शेडमध्ये शिरली
तेव्हा मास्टर गेजची पेटी डोक्यावर घेऊन
मी जिन्यात उभी, रात्री दोनपर्यंत,
आणि खाली कमरेएवढ्या पाण्यात टॉर्च धरून ते.
मगर आली तर आधी मालकाला खाईल, म्हणाले,
पगारदाराला नंतर.
बाबांच्या बायपासचे पैसे त्यांनीच भरले.
परत घेतले, दरमहा हजार, व्याज नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
आमच्या फॉर्ममध्ये "शेरा" म्हणून एक असतो,
दोन बोटं रुंद.

कागद टेबलावर ठेवताना हात थरथरला नाही
याचंच जरा वाईट वाटलं.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला, खाली आणला,
कॅल्क्युलेटरची दोन बटणं दाबली.
"एटलुंज?" म्हणाले. एवढंच?
"पहिलीपासून देतो. जाऊ नका, वैजूबेन."

चहासुद्धा आला नव्हता अजून.
भांडले असते तर चाललं असतं,
कृतघ्न म्हणाले असते तरी.
दर दिवाळीला ऐकत आले, या साली मंदी आहे,
आणि काजूकतलीच्या बॉक्सवर पाचशेचं पाकीट.
पैसे तर इथेच होते,
या खणात, स्टेपलच्या पिना नि जुन्या पंचांगाशेजारी,
सतरा वर्षं माझ्यापासून चार फुटांवर.

सोमवारी धैवतचं टेबल माझ्या खोलीत आलं.
"जरा शिकवून ठेवा," एवढंच.
मंगळवारी मास्टरच्या कपाटाला दुसरी किल्ली झाली.
मी रागावले नाही, मीही तेच केलं असतं.
जो काटा एकदा हललेला सापडतो
त्याची मुदत आम्ही वर्षाची सहा महिने करतो.

आईने देवापुढे साखर ठेवली. वाढ झाली म्हणून.
पट्टी बांधलेला डोळा माझ्याकडे वळवून म्हणाली,
भला माणूस आहे हो तुझा शेठ.
आहे, म्हटलं.
हालोलचा कागद साखरेच्याच डब्याखाली होता,
शुक्रवारपर्यंत चालणारा.

आज गुरुवार. धैवतने पहिला काटा एकट्याने तपासला,
चढता, उतरता, माझ्यापेक्षा सावकाश.
स्टिकरवर "पुढची तपासणी"पाशी अडला.
"बेन, तारीख कई नाखुं?"
आमच्याकडे पक्क्या शाईचा नियम आहे,
भिंतीवर चिकटवलाय, माझ्याच अक्षरात.
मी त्याच्याकडे पेन्सिल सरकवली.