एक मिनिट

व्हिनेगर तेच,
बाजारात तळलेल्या बटाट्यांवर शिंपडतात ते.
सिस्टर न्याचिर्वा कापूस बुडवते, म्हणते,
"आता एक मिनिट थांबायचं, एस्नार्ट.
बिनसलेलं असेल ते पांढरं होऊन दिसेल."

एक मिनिट.
वर पत्रा कडकडतोय,
खिडकीतून सरोवराचा वारा,
मचाणांवर वाळत पडलेली उसिपा.
एका मिनिटात मी मासळीची अख्खी रांग उलटते.
इथे पाय टांगून नुसती पडून आहे.

रोडा पहाटे उठून चितेंजे धुवायची,
कुणी उठायच्या आत, कमरेएवढ्या पाण्यात.
डाग विचारला तर हसली.
वास विचारला तर म्हणाली, मासळीचा.
आम्ही मानलं.
न्खाता बेला आम्हा सगळ्याच बायकांना
मासळीचा वास येतो.
म्झुझूच्या डॉक्टरांनी तिला तपासलं तेव्हा
तिच्याने बसवतही नव्हतं.

"दिसला," सिस्टर म्हणते,
आणि मोबाइलवर मला माझंच आतलं दाखवते.
गुलाबीवर नखाएवढा पांढरा डाग,
उसिपाच्या पोटासारखा.
"कॅन्सर नाही हा. व्हायच्या आधीचं आहे.
आजच जाळून टाकू."

मी विचारलं, "कुणी आणला?"
नाव जिभेवर तयार होतं,
लिकोमाच्या बोटीवर दर पंधरवड्याला जाणारं.
सिस्टर हात धूत राहिली.
"अगं, हा विषाणू बहुतेकींकडे पाहुण्यासारखा येतो, जातो.
एखादीकडे मुक्काम ठोकतो.
वीस वर्षांपूर्वीही आला असेल.
येताना कुणाचं नाव लिहून आणत नाही."
नाव मी गिळलं.
सगळं नाही.

तापलेलं टोक, पेनाएवढं.
आणखी एक मिनिट.
ओटीपोटात पाळीच्या पहिल्या दिवसासारखी कळ,
आणि झालं.
"महिनाभर नवऱ्याला लांब ठेव."
"हे त्याला सांगणार कोण?"
"त्याला इकडे पाठव," ती म्हणाली, "मी सांगते."
दोघी हसलो. मला हसताना दुखलं.

वर्षाने परत जायचंय.
रोडाला हे एक मिनिट कुणी दिलं नाही,
तिनंही मागितलं नाही.

घरी आले तर लुसुंगु पायरीवर,
दंड चोळत.
शाळेत आंब्याखाली मुलींची रांग होती,
तिनं डोळे मिटले नाहीत म्हणे.
"हात दुखतोय," ती म्हणाली, "भांडी नाही घासणार."
सुई डाव्या दंडात होती.
उजवा हात ठणठणीत होता,
त्यात अर्धा खाल्लेला आंबा.

भांडी मीच घासली.