साठा नोंदवहीच्या शेवटच्या पानावर

किनगावच्या दवाखान्यामागे, जिथे पूर्वी
रिकाम्या बाटल्यांचा ढीग असायचा,
तिथे जैतूनबाई तडवीनं
तेलाच्या डब्यांत, मोडक्या बेसिनमध्ये,
एका गळक्या बेडपॅनमध्येसुद्धा
पानं लावली.

मी औषधाच्या खिडकीत.
माझ्याकडे प्रत्येक गोळीची मुदत,
आवक, जावक, शिल्लक.
तिच्याकडे झाडू, फिनेल,
आणि ओपीडी सुटली की
हात धुतलेलं पाणी, जपून आणलेलं.

कढीपत्ता बेसिनात.
"भोक हाये ना, पानी थांबत नाई,"
असं म्हणाली, जणू
बेसिनं त्यासाठीच घडवतात.

मे महिना. पारा सेहेचाळीस.
केळीच्या बागेवरून येणारा वारासुद्धा
तव्यावरून आल्यासारखा.
ती सब्जा भिजवते. काळं बी
फुगून डोळे उघडतं ग्लासात.
लिंबू, मीठ, गूळ,
पुदिन्याची चार पानं तळहातावर चुरून.
"ओआरएस संपलं का गं?" डॉक्टरांचा प्रश्न.
"नाई साहेब. ते पेशंटले.
हे तुमाले."

ओव्याचं पान जाड, लवदार.
बेसनात बुडवून तळलं की भजी,
नुसतं शेकून नाकाशी धरलं की
चोंदलेली रात्र थोडी मोकळी.
तेच पान.
मी विचारलं, मग औषध कुठलं आणि खाणं कुठलं?
ती कढईतलं तेल बघत होती.
"भूक लागली का तुमाले?"

अडुळशाचा डबा मात्र तिनं लांब ठेवला होता,
भिंतीच्या कडेला.
मागायला आलेल्या बाईला आधी विचारायची,
किती महिने झाले, खरं सांग.
पोटुशी असली तर
पान नाही, मधही नाही,
हात धरून थेट सिस्टरकडे.

श्रावणातली एक रात्र.
पाड्यावरची रेलीबाई लेकरू घेऊन आली, दाराशीच म्हणाली,
जैतूनमावशी, खोकल्याचा पाला दे.
जैतूननं अंगडं वर केलं.
फासळ्यांखाली कातडी आत ओढली जात होती,
प्रत्येक श्वासाला एक खळगा.
"याले पाला नाई चालत," ती माझ्यावर ओरडली,
"गाडी बोलवा!"

गाडी यायला चाळीस मिनिटं.
डॉक्टरांनी नळी लावली, सुई दिली.
तिनं गवती चहाची पात गाठ मारून उकळली,
आलं ठेचलं,
आणि तो कप आईला दिला.
आईचे दात कपावर वाजत होते.
त्या वासाचा त्या रात्री
कुणाला काय गुण आला,
मी कुठल्या रकान्यात लिहू?

नवव्या दिवशी लेकरू परत आलं.
तिनं पुदिन्याचं पान दिलं चघळायला.
ते थुंकलं.
ती खूप हसली.

मग जिल्ह्याहून तपासणी.
साहेबांनी मागचं दार उघडलं:
हे काय जंगल? डास होतील.
दुपारी मात्र भरीत दोनदा घेतलं,
कळण्याच्या भाकरीसोबत,
वर कोथिंबीर नि कांद्याची पात,
कुठून आली ते विचारलं नाही.
शेरा लिहिला सुवाच्य अक्षरात:
मागील झुडपे तात्काळ हटवावीत.

तात्काळ म्हणजे आठ दिवस लागले.
खिडकीतून मी तापाच्या गोळ्या देत होतो
आणि प्रत्येकाच्या पिशवीत
तुळशीचं रोप, पुदिन्याची कांडी,
गवती चहाचा ठोंब.
रेलीबाईनं अडुळसा नेला.
बेडपॅन कुणी नेलं, माहीत नाही.

शेवटी बेसिन.
आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरलं.
हलेना.
जैतूननं वाकून खाली बघितलं:
मुळं भोकातून
केव्हाच जमिनीत गेली होती.

शिल्लक: एक.
तिनं चार पानं तोडली
आणि डाळ चुलीवर आहे म्हणत निघून गेली.