साबणाची दाढ

वडगावच्या खोलीत भिंतीपलीकडे माग चालायचे
रात्री दीड-दोनपर्यंत,
आणि मी साबणाच्या वडीतून दाढ कोरत बसायचे.
मेण कॉलेज मोजून द्यायचं.
म्हणून आधी साबण, कपड्यांचा, निळा,
पट्टी लावून, पेन्सिलीच्या खुणा करून.
धोटा जाई-येई, त्या ठेक्यात हात नको तिथं घसरे
आणि पुढचा उंचवटा उडून चटईवर.

शनिवारी निपाणीच्या बसमध्ये माझ्या पिशवीत अशा सहा-सात दाढा.
आई त्यांनीच कपडे धुवायची.
उंचवटे पहिल्याच दिवशी जायचे,
मग मधली खाच,
बुधवारपर्यंत तिचा परत साबण झालेला.
"मुळं जरा लांब ठेव गं," म्हणायची,
"हातात धरायला बरं पडतं."
अख्ख्या पाच वर्षांत माझ्या कामावर कुणी दिलेला
तेवढा एकच अभिप्राय मला पाठ आहे.

तो, आणि पट्टणशेट्टी मॅडमचा.
त्या मेणाची दाढ खिडकीशी नेऊन उजेडात फिरवत,
बराच वेळ,
आणि म्हणत, "निधान."
मला वाटलं, निदान विचारतायत.
रोग अजून कुणी शिकवलाच नव्हता.
मी उभी राहून म्हणाले, "कीड, मॅडम."
सगळी लॅब हसली.
निधान म्हणजे सावकाश,
हे गोकाकच्या महादेवीनं मला मेसमध्ये सांगितलं,
माझ्या ताटात स्वतःची अर्धी भाकरी ठेवून.

फी तंबाखूच्या वखारीतून यायची.
आईच्या लुगड्याला, नोटांना, माझ्या पुस्तकांच्या कव्हरांना
एकच वास.
दुसऱ्या वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली गालाचं कातडं पाहिलं,
गुलाबी, जांभळं, ओळ मोडून खाली उतरलेलं,
आणि त्याच रविवारी आईला म्हणाले, तोंड उघड.
ती म्हणाली, जेवलीस का?
तिसऱ्या वर्षी म्हणाले. चौथ्या वर्षी म्हणाले.
इंटर्नशिपमध्ये उघडलं.
डाव्या गालात, मिश्रीची चिमूट बसायची तिथं
पांढरा चट्टा, नखाएवढा.

एमडीएसला सगळे तारा लावायच्या विषयाकडे धावले,
पैसा तिथं होता.
मी काचपट्ट्यांचा विषय घेतला.
लोक विचारत, "म्हणजे पेशंट नाहीत?"
चट्टा गेला. मिश्री म्हणे सोडली.
डबी देवघरामागं असते,
मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे.

आता दारावर माझी पाटी आहे, वर कन्नडमध्ये, खाली इंग्रजीत.
एकवीस शोधनिबंध,
त्यातले दोन मला स्वतःला आवडतात.
हजेरी, तपासणी समिती, ज्यांचे दात मोजायचे त्यांच्यापेक्षा
मोजायचे कागद जास्त.
पण पहिल्या वर्षाची लॅब मी सोडलेली नाही.
अथणीची एक मुलगी आहे, भुवनेश्वरी,
चाकू पेनासारखा धरते, घाईघाईत.
परवा तिच्या एप्रनच्या खिशातून साबणाचा चुरा सांडला
तेव्हा मी फळ्याकडे वळले
आणि काहीतरी पुसत राहिले. फळा कोराच होता.

कॅम्प असतो महिन्यातून एकदा, सौंदलग्याला नाहीतर चिकोडीकडं.
गेल्या खेपेला खुर्चीत एक म्हातारी,
खालचा जबडा भुलीला घाबरून घट्ट.
मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हळू, हळू.
बाजूला भुवनेश्वरी आरसा धरून.
तिला ऐकू आलं हल्लु, हल्लु.
तिनं तत्परतेनं दात दाखवला, हा हल्लु, मॅडम,
हाही, आणि तो मागचा हालतोय तो.
मी हसले. म्हातारीला दोन्ही भाषा येत होत्या,
ती तर तोंड उघडं ठेवूनच हसली,
घशातून, खळखळून,
आणि तेवढ्यात सुई आत गेली होती.