गॅप सर्टिफिकेट

वांद्र्याच्या कोर्टाबाहेर, बदामाच्या झाडाखाली,
झेरॉक्सवाल्याकडून उसन्या घेतलेल्या विजेवर
नऊ वर्षं मी लोकांच्या शपथा टाइप करते.
नाव बदललं, रेशनकार्ड हरवलं,
नवरा नांदवत नाही, भाडेकरू निघत नाही.
पानाला तीस रुपये. घाई असेल तर चाळीस.

आज गिऱ्हाईक मीच.

तीन वर्षांच्या एलएलबीचा फॉर्म.
मुक्त विद्यापीठाची बी.ए. जोडली, अधिवास जोडला,
पर्सेंटाइल भरला (जेमतेम),
आणि पसंतीक्रमाच्या रकान्याशी येऊन
तीन दिवस तशीच बसले.

लोबो मॅडम म्हणाल्या, पहिलं चर्चगेटचं लिही.
मिळणार नाही, मॅडम.
नसेना. दाव्यात जे मागितलं नाही
ते कोर्टसुद्धा देत नाही, हेमांगी.

खोपकर कारकून म्हणाले, हजेरी विचारत नाहीत ते टाक.
सनद भिंतीवर लागली
की तिच्यामागची भिंत कोण बघतं?

आई दांड्याला कोयत्याला धार लावत होती.
मान वर न करता म्हणाली,
पापलेट चकाकतं म्हणून घेतेस काय गो?
कल्ला उघडून बघ.

मग अर्ध्या दिवसाचा धंदा सोडून
मी कॉलेजांचे कल्ले उघडत फिरले.

एका ठिकाणी काचेचं दार, आत गारवा,
भिंतीवर तराजू धरलेली सोनेरी बाई.
फी त्यांनी कागदावर लिहून दाखवली,
तोंडानं सांगितली नाही.
दुसरीकडे ग्रंथालयाला कुलूप.
किल्ली ज्यांच्याकडे, ते गावी.
तिसरं एका शाळेच्या वरच्या मजल्यावर,
सकाळी सातला. बाकं पोरांची,
मोठ्या माणसांचे गुडघे अडकलेले. अकरा जण.
सर विचारत होते:
विहीर शेजाऱ्याची, बादली तुमची.
वर आलेलं पाणी कोणाचं?
कोणी बोलेना.
दाराबाहेरून मीच बोलून गेले.
सर वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले,
बरं, आणि दोर कोणाचा?

लाल. चांगला लालभडक.

एक: चर्चगेट. मागितलं नाही, असं व्हायला नको.
दोन: शाळेवरचं.
तीनला खोपकरांचं लिहिलं, खोडलं,
रात्री पुन्हा लिहिलं. भीतीपोटी.

शेवटचा कागद राहिला.
पदवी आणि आज यांच्यात नऊ वर्षं.
त्यांचं काय केलंत, शपथेवर सांगा.
मसुदा माझ्याच मशीनमध्ये होता.
शेकडो पोरांना काढून दिलेला, नुसतं नाव बदलायचं.
'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही.'

नाव बदललं. आणि हात थांबला.

कोठेही?
'स्वखुशीने' वाचताना बायकांचे ओठ सुकतात,
हे मी कुठे शिकले?
एक 'व' गळला की भावाची खोली
भावजयीच्या माहेरी जाते, हे?
शेवटची ओळ आणि सही यांच्यात
कोरी जागा सोडायची नसते,
कोणीतरी येऊन भरतं, हे?

वकिलीच्या वाटेवरचा पहिलाच कागद,
आणि तोच खोटा.

कर्सर मागे नेला.
'कोठेही' पुसलं.
'कोणत्याही महाविद्यालयात' असं केलं.
ओळ लांबली, सही खाली सरकली,
पण पान एकच राहिलं.

मॅडमनी चष्म्यावरून वाचलं.
त्या दोन शब्दांखाली बोट ठेवलं,
थोडा वेळ तिथंच राहू दिलं,
मग शिक्का मारला.

साइट पाचला बंद होणार होती.
साडेचार वाजले होते.
मी माझ्याच गल्ल्यात चाळीस टाकले.