साळ सापडत नाही

असोळण्याहून फोन आला तेव्हा
मी मडगावच्या बसस्टँडसमोर भजीपाव खात होतो.
सुलक्षाबाई म्हणाल्या, साळ सापडत नाही.
खिडकीतून बघा, मी म्हटलं, पुलाखाली असेल.
त्या हसल्या नाहीत. काउंटरपुढे अकरा माणसं उभी होती.

मच्छीमार पतसंस्थेतल्या यंत्रांना
नद्यांची नावं आहेत. मिंगेलने ठेवली.
झुवारी पासबुकं छापते.
तळपण मॅनेजरच्या टेबलावर, बहुतेक वेळ झोपलेली.
साळ आतल्या खोलीत, थंड हवेत,
सगळ्यांचे हिशेब पोटात घेऊन.

तीन नंबरच्या काउंटरला तेवढी ती दिसत नव्हती.
एकला दिसत होती. दोनला दिसत होती.

आधी वायर पाहिली.
माणूस आधी वायरच पाहतो,
देवळात शिरताना घंटा वाजवावी तशी.
दिवा हिरवा.
मग आकडा घालून हाक मारली:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, वीस, पाच.
चार हाका, चार ओ.
मग नावाने: साळ.
चारही हाका गेल्या त्या गेल्याच.

कुस्तोद फळीवर कोपर टेकून बघत होता,
बेतूलचा, डिझेलच्या सबसिडीसाठी सकाळपासून आलेला.
नंबरान मेळटा आनी नांवान ना?
म्हटलं, तसंच.
आमगेर उरफाटें, तो म्हणाला,
घराचो नंबर पोस्टमनाकय खबर ना.

नावांच्या नोंदवहीलाच थेट विचारलं.
तिने न अडखळता सांगितलं: साळ, वीस, पाच.
म्हणजे वही खरं बोलते
आणि यंत्र तिचं ऐकत नाही.
आठवण पुसून टाकली, एक आज्ञा, एक एंटर.
पुसली, असं यंत्र म्हणालं
आणि पुन्हा निघालं एक, पाचकडे,
जुन्या जागेच्या पत्त्यावर,
जिथून संस्था मे महिन्यातच उठून आली,
जिथे आता एक जण बेकरी टाकतोय.

तेव्हा कुठे लक्षात आलं:
वहीकडे जाण्याआधी
यंत्र खिशातली चिठ्ठी बघतं.

विंडोज, सिस्टिम बत्तीस, ड्रायव्हर्स, ईटीसी,
उतरत उतरत इतक्या तळाला,
तिथे होस्ट्स नावाची फाइल. तिला आडनाव नसतं.
उघडली. शेवटी एकच ओळ, जुना पत्ता, साळ,
आणि तिच्या डोक्यावर रोमीत लिहिलेलं:
चवथीपुरतें. मागीर काडप. मिंगेल.

कोणती चवथ, ते लिहिलं नव्हतं.

सुलक्षाबाईंना आठवलं.
नोंदवहीचं यंत्र बंद पडलं होतं ऐन सणात,
आम्ही सगळी घरी माटोळी बांधत होतो,
तोच एकटा आला, मीस आटोपून,
नव्या बुटांनी, आणि लावून गेला.
तेव्हाचं हे एकच यंत्र उरलंय. बाकीची नंतरची.
मिंगेल आता स्विंडनला, कुठल्याशा गोदामात.
तिथे त्याला माइक म्हणतात. तो ओ देतो.

ओळ पुसायला बोट गेलं होतं.
पुसली नाही.
तिच्यापुढे फक्त एक जाळीची खूण घातली,
म्हणजे यंत्र ती वाचणार नाही.
माणूस वाचेल, वाचायचं असेल तर.
जतन करताना फाइलने अडवलं,
मालक म्हणून परत आत यावं लागलं.

साळ?
ओ. ओ. ओ. ओ.

ओळीचा फोटो मिंगेलला पाठवला.
एकच टिक.

कुस्तोदचं पासबुक आत गेलं आणि पुन्हा अडलं:
आधारवर कस्टोडिओ, बोटीच्या कागदावर कुस्तोदियो,
एक अक्षर इकडचं, एक तिकडचं.
हें तुज्यान जायना? त्याने मला विचारलं.
म्हटलं, ही फाइल माझ्याकडे नाही.
सुलक्षाबाईंनी एक छापील फॉर्म पुढे सरकवला,
दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याबद्दल.
त्याने शांतपणे पेन मागून घेतलं
आणि खाली सही केली,
तिसऱ्याच नावाने.