टाकी क्रमांक सात

माझा हुद्दा सुरक्षा अधिकारी.
लोट्याच्या कारखान्यात अकरा वर्षं,
आता सोहारला सहावं.
धोक्याला आकडा द्यायचा, एवढंच येतं मला.
शक्यता गुणिले परिणाम.
तीन पंचे पंधरा, की चौकट लाल.

परवा रात्री चौदा नंबरच्या खोलीत
इस्माईल होडेकरला दाभोळहून फोन आला.
आई गेली.
डॉक्टर वेलदूरहून फेरीबोटीनं येईतो
पाय गार पडले होते, म्हणाले.
विमान सकाळी दहाचं, दफन फजरनंतर लगेच.
तो चटईवर बसला भिंतीकडे तोंड करून.
भिंतीवरून एसीचं पाणी ओघळत होतं.

वरच्या बंकवरून तौसीफ उतरला.
तेवीस वर्षांचा,
कानात दिवसभर कुणाचं तरी प्रवचन.
चाचा, म्हणाला,
तुमची अम्मा दर्ग्यावर चादर चढवायची ना?
त्याला माफी नाही, चाचा.
हळू म्हणाला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला.
ओरडला असता तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

मग भालचंद्र ढोबळे.
कऱ्हाडचा फिटर,
इथल्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात
नाइलाजानं एक शब्द लिहून आलेला,
दोन वर्षं ओठ शिवून राहिलेला,
त्या रात्री उसवला.
कसली माफी अन् कुणाची?
इस्माईल, संपली रे ती. माती झाली.
वर कुणीच नाही बसलेलं, वहीबिही घेऊन.
त्याला वाटलं, आपण ओझं उतरवतोय.
इस्माईलनं वळून दोघांकडे पाहिलं,
एकाच नजरेनं,
आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

मी दारात, हातात सुलेमानी.
सवयीनं मनातल्या मनात तक्ता भरू लागलो.
ढोबळेच्या जातीच्या माणसानं
कुणाची हातगाडी पेटवल्याचं मला आठवत नाही.
तिथं मी दोन लिहिले. दुखतं, जळत नाही.
तौसीफच्या रकान्यात लेखणी जड केली.
आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.
गावच्या मिरवणुकीत
माझा धाकटा भाऊ तलवार नाचवतोय,
मागं एका दुकानाचं शटर घाईनं खाली येतंय.
व्हिडिओ आईनं पाठवलाय.
खाली लिहिलंय, आपला बंड्या बघ किती रुबाबदार.

चहा गार झाला.

नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो,
हिंदीत, बंगालीत, मोडक्या अरबीत:
टाकीतल्या गॅसला आधी कुजक्या अंड्याचा वास येतो.
तो आला तर घाबरा, पण फार नाही.
मग मात्रा वाढते आणि वास जातो.
हवा स्वच्छ झाली असं वाटतं.
स्वच्छ नसते. नाक मेलेलं असतं.
पोरं मान डोलावतात.
मीही वर्षानुवर्षं हे पाठ म्हणत आलोय.
बंड्याच्या व्हिडिओला मी त्या रात्री
काय उत्तर दिलं, विचारू नका.
अंगठा दिला. आईला बरं वाटावं म्हणून.

सकाळी टाकी क्रमांक सात. गाळ काढायचा.
आत ढोबळे, मुखवटा लावून.
तोंडाशी दोर धरून तौसीफ.
पाळी महिन्यापूर्वीच ठरलेली,
बदलता आली असती. मी बदलली नाही.
का, ते अजून मला नीट कळलेलं नाही.
दर पाच मिनिटांनी बाहेरून दोन झटके,
आतून दोन झटके. म्हणजे ठीक.
तौसीफच्या कानात आज काही नव्हतं.
दोराकडे असं बघत होता
जसं नखातला काटा काढताना माणूस बघतो.

इस्माईलला सुट्टी दिली होती, तरी आला.
पत्र्याच्या सावलीत उभा राहिला,
आखाताकडून येणाऱ्या दमट वाऱ्यात टोपी धरून.
बराच वेळ बोलला नाही.
मग तौसीफला म्हणाला,
वर आला की आधी पाणी दे त्याला. बर्फाचं नको.
आत फार तापतं.

तौसीफनं दोन झटके दिले.
आम्ही तिघं दोराकडे बघत राहिलो.