अकरा महिने

पाथर्डी फाटा, तिसरा मजला, लिफ्ट अजून यायचीच आहे.
सत्तावीस लाखांना घेतला तेव्हा कोठावदे म्हणाला होता,
"ताई, हप्ता भाडंच फेडेल. तुम्ही फक्त सही करा."
केली.

हप्ता अठरा हजार तीनशे पन्नास.
भाडं नऊ हजार.
सोसायटीचे अकराशे, उन्हाळ्यात टँकरची वर्गणी वेगळी.
दिवसभर मी लॅबमध्ये लोकांचं रक्त मोजते,
आणि दर पाच तारखेला माझ्या खात्यातून
दहा हजार चारशे पन्नास जातात,
सुईसुद्धा टोचत नाही.

भाऊ म्हणतो, शेकडा चार सुटतायत तुला,
पोस्टात ठेवले असतेस तर.
मी म्हणते, पोस्टाच्या खिडकीतून
पांडवलेणी दिसतात का?
मला तरी कुठे दिसतात.
बघतो तो खैरनार,
अंबडहून रात्रपाळी करून आल्यावर,
डोळा लागायच्या आधी.

करार संपला म्हणून शनिवारी गेले.
दहा टक्के वाढ, कागदावर तसंच आहे.
जिना चढताना वाक्य पाठ करत होते:
"आमचाही हप्ता वाढलाय हो."
खोटं नव्हतं. व्याजदर वाढला की
बँक मला कुठे विचारते.

खैरनार झोपलेला. प्रणाली म्हणाली, बसा, चहा टाकते.
ओट्याशेजारी भिंतीवर दुधाचा हिशेब,
आणि त्याखाली, पेन्सिलीने, बारीक:
पगार १७०००
भाडं ९०००
वाढलं तर ९९००
मग एक बाण, आणि
"विल्होळीला साडेसहा. शाळेचं काय?"

माझ्या आधीच कुणीतरी माझं वाक्य
त्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

मनात मीही मांडत गेले.
नऊशे गुणिले अकरा, नऊ हजार नऊशे.
हे गेले आणि घर एक महिना रिकामं पडलं,
तर नऊ हजार तिथेच गेले,
कोठावद्याचं अर्धं भाडं, शिवाय रंग.
"तीनशे वाढवू," मी म्हणाले,
आणि मोठ्या मनाची बाई असल्यासारखा चेहरा केला.

ती "बरं" म्हणाली. भिंतीकडे बघितलं नाही.

कोठावद्याला फोन करायला जिन्यात थांबले
तेव्हा जिभेवर साय होती.
चहा निव्वळ दुधाचा होता,
आणि तो तिने
आकडा ऐकण्याआधीच टाकला होता.